आई आणि तीन रशियन

दुबईत, अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगची सगळी स्वयंपाकघरं एकाच डक्टवर उघडायची. त्यामुळे कुणाकडे काय शिजतंय आणि कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे पाचही मजल्यांना एकदमच कळायचं. सकाळी सहाला आमच्या कुकरची शिट्टी, मग वरच्या रत्नागिरीच्या मुकादमभाभींचं नारळ खवणं, साडेसातला त्यांच्या धाकट्याची शाळेत न जाण्यासाठीची रड आणि त्यावर भाभींचं ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे अरबीत ‘चल, चल’, आणि दहा वाजले की आमच्या खालच्या मजल्यावरून चार वाद्यं एकदम. दोन व्हायोलिनं, त्यांच्याहून जाड आवाजाचा एक व्हायोला आणि माणसाएवढा एक चेलो. हे चौघे रशियन. खाडीकाठच्या एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत रोज दुपारी चार ते सात, लोक केक खात असताना, ते वाजवायचे. बाबा त्यांना चांडाळचौकडी म्हणायचे. मी तेव्हा अकरावीत होते आणि मला ते चौघे मुळीच आवडायचे नाहीत, कारण सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारीसुद्धा, ते दहालाच सुरू व्हायचे.

आईला मात्र आवडायचे. आवडायचे म्हणजे काय, दहा वाजता ती कणीक मळायला घ्यायची आणि साडेअकरापर्यंत मळतच राहायची. आमच्याकडच्या पोळ्या इतक्या मऊ का, असं बायका विचारायच्या. त्याचं खरं कारण खालच्या मजल्यावर होतं. आई सांगलीची. तिथे गुरुजींकडे ती बारा वर्षं व्हायोलिन शिकली होती, तेही आपल्या पद्धतीचं: मांडी घालून, एक पाय पुढे टाकून, वाद्याचं टोक पावलावर टेकवून. लग्नाआधी गावातल्या गवयांना, नाटकांच्या पदांना ती साथ करायची. साथ म्हणजे साथ, स्वतःचं एकल वाजवणं तिने कधी केलं नाही आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं. ‘गवयाच्या मागे सावलीसारखं राहता आलं पाहिजे, पुढे पळणारे पुष्कळ असतात,’ असं ती म्हणायची. दुबईला आल्यावर ते व्हायोलिन कपाटावर गेलं आणि मंडळाच्या गणपतीत वर्षातून एकदा खाली यायला लागलं.

रशियनांशी ओळख झाली ती लोणच्यामुळे. खालच्या लारिसाबाई, म्हणजे व्हायोला वाजवणाऱ्या, एकदा काचेच्या बरणीत खारवलेल्या काकड्या घेऊन आल्या. डक्टमधून मोहरीचा वास येतो, तो कशाचा, हे त्यांना बघायचं होतं. आईने त्यांना कैरीच्या लोणच्याची बरणी दिली. तेव्हापासून बरण्यांची ये-जा सुरू झाली आणि कुणाचीच बरणी कधी रिकामी परत गेली नाही, कारण रिकामं भांडं परत द्यायचं नसतं हे दोन्ही देशांत सारखंच असल्याचं निघालं. लारिसाबाईंचा नवरा ग्रिशा चेलोवाला. हा माणूस दरवाजाएवढा होता. पुरणपोळी तो काळ्या चहात बुडवून खायचा आणि आई तोंड फिरवायची. त्याच्याकडूनच आम्हाला कळलं की चौघे एकाच संगीतशाळेच्या वसतिगृहात होते, एकाच स्टोव्हवर बटाटे उकडायचे आणि बावीस वर्षं याच चौघांनी एकत्र वाजवलं होतं. रेडिओवर वाजवलं, बर्फातून दोन-दोन दिवस आगगाडीने जाऊन कारखान्यांच्या सभागृहांत वाजवलं. चेलोसाठी वेगळा बर्थ काढायचे आणि तिकिटावर चेलोचं नाव घालायचे. मग तिकडे पगार कागदावरच राहायला लागले आणि एका एजंटाने त्यांना इथे आणलं. ‘तिथे आमचं ऐकायला लोक कोट काढून बसायचे, इथे ते तोंड पुसतात,’ असं ग्रिशा हसत हसत सांगायचा. त्यांचा म्होरक्या व्हिक्टर, पहिलं व्हायोलिन. तो हसायचा नाही. कुणी खोकलं तर वाजवणं थांबवून उठून जाणारा माणूस, अशी त्याची ख्याती होती.

मग मंदीचं ते वर्ष आलं. दुबईत ते कसं आलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी परत सांगत बसत नाही. आम्हाला ते बाल्कनीतून कळलं: समोरच्या अर्ध्या इमारतीवरची क्रेन एक दिवस फिरायची थांबली आणि मग वर्षभर तशीच उभी राहिली. बाबा एसीचे डक्ट बसवणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन. रोज जेवताना ते दोन नावं सांगायचे, आज अमका गेला, तमका गेला. स्वतःबद्दल विचारलं तर म्हणायचे, ‘इन्शाल्ला.’ सांगलीचा देशस्थ माणूस इन्शाल्ला म्हणायला लागला की समजावं, पाणी गळ्यापर्यंत आलंय. पण बाबा टिकले. टिकला नाही तो आंद्रेई, रशियनांचं दुसरं व्हायोलिन. त्याला गावाकडच्या एका वाद्यवृंदात जागा मिळाली आणि इथलं काही खरं नाही म्हणून तो पंधरवड्यात सामान आवरून गेला. बावीस वर्षांचा संसार. लारिसाबाई आमच्याकडे येऊन स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच रडल्या. आईने त्यांना स्टूल दिलं आणि शेंगा सोलायला दिल्या.

खरी अडचण पुढेच होती. हॉटेलच्या करारात चार माणसं लिहिलेली होती. मॅनेजर सांगून बसला की तिघांची चौकडी होत नाही; दहा दिवसांत, येत्या नाही तर त्याच्या पुढच्या रविवारी, मला चौघे वाजवताना दाखवा, नाहीतर करार खलास. करार गेला की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की महिन्याभरात तिघांनी देश सोडायचा. तिकडे परत जायला त्यांच्यापाशी घर नव्हतं, जागा नव्हती, आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या वादकांना कोण घेतो? दुबईत त्या दिवसांत चौथा शोधणंही सोपं नव्हतं. सगळे जात होते, येत कुणीच नव्हतं.

तरी तिघे रोज दहाला बसायचे. ते ऐकणं फार वाईट होतं. दात पडल्यावर जीभ जशी तिथेच जाते, तसं आपलं मन त्या न वाजणाऱ्या सुरांकडेच जायचं. तिसऱ्या दिवशी मी तापाने घरी होते. खाली तिघे वाजवत होते आणि स्वयंपाकघरातून मला चौथं वाजताना ऐकू आलं. मला वाटलं, ताप चढला. उठून पाहिलं तर आई डक्टच्या खिडकीखाली चटईवर बसलेली, कपाटावरचं व्हायोलिन पावलावर टेकवलेलं, डोळे मिटलेले, आणि गॅसवर आमटी उतू जात होती. दोन वर्षं रोज ऐकून तिला आंद्रेईचा भाग अख्खा पाठ झाला होता. तुम्ही-आम्ही अशा संगीतात पहिलं व्हायोलिन ऐकतो. साथीदार दुसरंच ऐकतो. खालचे तिघे अचानक थांबले. आईला ते कळायला जरा वेळ लागला, ती दोन ओळी एकटीच पुढे गेली. मग जिन्यावर धाडधाड पावलं वाजली.

दारात तिघेही. व्हिक्टरने आईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या व्हायोलिनकडे पाहिलं, पिठाने माखलेल्या तिच्या मनगटाकडे पाहिलं. मग मला इंग्रजीत विचारलं, ‘मादामला नोटेशन वाचता येतं?’ मी म्हटलं, ‘ऑफ कोर्स.’ तापात मी बेधडक खोटं बोलते. आईला वाचता येत होतं ते आपलं, सा रे ग म चं. त्या पाच रेघांवरची काळी टिकली तिला मोहरीसारखी दिसायची. पण मी शाळेत कीबोर्ड शिकत होते, मला त्या रेघा येत होत्या. त्या रात्रीपासून माझी केमिस्ट्रीची दोनशे पानी वही कामाला लागली. आंद्रेईच्या मागे राहिलेल्या छापील कागदांवरून मी एकेक सूर ओळखून लिहायचे, कोमलाखाली आडवी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर, आणि मात्रांचे खण पाडायचे. आई मागून बघून म्हणायची, ‘अक्षर बघ जरा, कोंबडीचे पाय.’ तेव्हा मी तिला सगळ्याची उत्तरं इंग्रजीत द्यायचे. ‘आई, आय नो.’ आज हे सगळं मराठीत लिहून काढतेय त्याची सुरुवात त्या वहीत झाली असं मला वाटतं. आठवड्याभराचा अभ्यास बुडाला आणि केमिस्ट्रीत मला जे मार्क पडले ते मी इथे सांगणार नाही.

बाबांचं पत्रही लागलं. आई त्यांच्या व्हिसावर, तेव्हा तिने कुठे काम करायचं तर नवऱ्याचं ना-हरकत पत्र हवं. बाबांनी ऑफिसच्या इंग्रजीत झोकात लिहिलं की माझ्या पत्नीने व्हायोलिन वाजवण्यास माझी कोणतीही हरकत नाही. आईने ते वाचलं आणि त्यांच्यापुढे टाकलं. ‘अठरा वर्षं ते कपाटावर होतं, तेव्हा लिहायचं होतंत की.’ बाबांनी पत्राची घडी केली. मग हळूच म्हणाले, ‘गणपती सोडून तू कधी काढलंच नाहीस, शैला.’ ‘तुम्ही कधी म्हणालातच नाही,’ आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाबा येताना राळेची नवी वडी घेऊन आले, गजाला लावायची. आईने किंमत विचारली. पस्तीस दिरहॅम. ‘पस्तीस तेरा किती? साडेचारशे रुपयांची राळ!’ असं म्हणत म्हणत तिने ती त्याच क्षणी उघडली.

सराव लारिसाबाईंकडे. पहिल्या दिवशी व्हिक्टरने आईला खुर्चीवर बसवून व्हायोलिन हनुवटीखाली धरायला लावलं. पाच मिनिटांत आईने ते परत दिलं आणि सरळ गालिच्यावर मांडी घातली. ‘त्यांना सांग, मिनू, खुर्चीवर बसून मी फक्त भाजी निवडू शकते.’ मी सांगितलं. ग्रिशा इतका हसला की चेलो हलला. व्हिक्टर हसला नाही, पण त्याने खुर्ची उचलून बाजूला ठेवली. सूर बसले, लय बसली. तारा लावायची त्यांची रीत वेगळी, तीही तिने चार दिवसांत बोटांत घेतली. त्यांच्यात मात्रा मोजायला तबला नसतो. व्हिक्टर नाकाने एक श्वास ओढतो आणि त्या श्वासावर चौघे निघतात. तोही तिला सापडला. अडलं ते एका थांबण्याशी.

शेवटच्या भागात एक जागा होती. चौघे ऐन भरात असताना एकदम थांबतात. चार मात्रा कुणीच काही वाजवत नाही. मग व्हिक्टरचा श्वास, आणि पुन्हा सगळे. आई तिथे थांबायचीच नाही. तिघे थांबले रे थांबले, की तिचा गज आपसूक एक छोटीशी लकेर घेऊन ती चार मात्रांची फट बुजवून टाकायचा. ‘न्येत,’ व्हिक्टर म्हणायचा. ‘इथे कुणी नाही.’ पुन्हा तेच. पुन्हा न्येत. सहाव्या वेळी आई वैतागली. ‘त्यांना सांग, गवई थांबला की साथीदाराने हात आखडायचा नसतो. आमच्यात तो गुन्हा आहे. रिकामं सोडलं तर तो बिचारा लोकांसमोर उघडा पडतो.’ मी सोळा वर्षांची, मी भाषांतर केलं: ‘ती म्हणतेय, तुम्ही नागडे दिसाल.’ लारिसाबाईंनी तोंडावर हात धरला. व्हिक्टरने मात्र गंभीरपणे मान डोलावली. ‘बरोबर,’ तो म्हणाला. ‘तेच तर हवंय. उघडं पडायचं. पण चौघांनी एकदम.’ हे मी आईला मराठीत सांगितलं तेव्हा तिने गजाला पुन्हा राळ लावायला घेतली.

त्याच दिवशी मी आंद्रेईच्या कागदावर, त्या जागेच्या वर, पेन्सिलीने लिहिलं: ‘आई, थांब.’ व्हिक्टरने ते पाहिलं, खिशातून खोडरबर काढला आणि पुसून टाकलं. त्याचं म्हणणं, छापील कागदावर गज खाली की वर एवढ्याच खुणा चालतात, शब्द नाहीत. ज्याने हे रचलं त्याला जे बोलायचं होतं ते तो बोलून गेलाय, आपण मध्ये तोंड घालायचं नाही. बावीस वर्षांत त्यांच्या कागदांवर कुणी एक शब्द लिहिला नव्हता म्हणे. मी घरी येऊन वहीत तांबड्या पेनने लिहिलं. तरी शनिवारी संध्याकाळपर्यंत आई दहातून तीनदा ती फट बुजवतच होती. ‘हाताला सांगून ऐकत नाही गं,’ ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिच्या एका लकेरीने तीन माणसांचं बिऱ्हाड उठणार होतं, आणि हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं.

रविवारी आई तिची संक्रांतीची काळी चंद्रकला नेसली. काळे कपडे हवेत असा नियम होता आणि काळं दुसरं तिच्याकडे काहीच नव्हतं. लॉबीच्या कोपऱ्यात अरबी पद्धतीची बैठक होती, गाद्या-तक्क्यांची. ग्रिशाने तीन खुर्च्या उचलून बैठकीभोवती मांडल्या आणि आई गादीवर बसली. मॅनेजर, लेबनानी, तुळतुळीत दाढी केलेला, हे पाहून प्रथम दचकला आणि मग खूश झाला. ‘ईस्ट अँड वेस्ट, हबीबी! व्हेरी नाइस.’ व्हिक्टरच्या जबड्याचं हाड हललं, पण तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला. मी आणि बाबा खांबाशेजारी उभे. आसपास पाच-सहा टेबलांवर माणसं होती, एरवी तिथे पन्नास असायची.

वाजवणं उत्तम चाललं होतं, खरंच. मला अभिमान वाटत होता. शेवटचा भाग सुरू झाला. ती जागा जवळ येत गेली तसे बाबांनी माझा दंड धरला. ती आली. चौघे थांबले. आईचा गज तारेपासून बोटभर वर, जागच्या जागी. एक मात्रा. लॉबी इतकी शांत झाली की कॉफीच्या मशीनची वाफ ऐकू आली. दोन. आणि मॅनेजरला वाटलं, संपलं. त्याने जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. टेबलांवरच्या लोकांनीही वाजवल्या. एकाने तर शिट्टी मारली.

व्हिक्टर दगड झाला. श्वास घ्यायचा तर तो टाळ्यांत कुणाला ऐकू येणार? तीन मात्रा गेल्या, चार गेल्या, सहा गेल्या. मी त्याचा चेहरा पाहत होते. खोकल्यावर उठून जाणारा माणूस तो. त्याचा गज हळूहळू खाली यायला लागला आणि दुसरा हात खुर्चीच्या काठाकडे गेला. लारिसाबाईंनी डोळे मिटले. तो उठला असता तर सगळं तिथेच खलास होतं, आणि तो उठत होता, मी शपथेवर सांगते.

आईने व्हायोलिनला हात लावला नाही. गज होता तिथेच ठेवला. मान वर करून तिने व्हिक्टरकडे पाहिलं आणि भाजीवाल्याला हाक मारावी तशा खणखणीत आवाजात म्हणाली, ‘यल्ला, व्हिक्टरसाहेब.’

ग्रिशा फसकन हसला. आणि मग जे मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं ते झालं, व्हिक्टर हसला. दात दिसले त्याचे, एक सोन्याचा होता. हसता हसताच त्याने नाकाने श्वास ओढला, चौघे एकदम निघाले, टाळ्या ओशाळून थांबल्या आणि शेवटची दोन मिनिटं त्यांनी अशी वाजवली की तोंड पुसणारे लोक नॅपकिन हातात धरून बसून राहिले. बाबा रडत होते. मी त्यांना म्हटलं, ‘बाबा, प्लीज,’ आणि मीही रडत होते.

मॅनेजरला दोन मिनिटांपूर्वी काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने सीझनभराचा करार केला, मग आणखी एका वर्षाचा. आईने रोज दुपारी चार ते सात वाजवलं, पोळ्या दहाच्या सरावाआधी करून. त्या घरात पोळ्या तेवढ्या मऊ पुन्हा झाल्या नाहीत आणि कुणी तक्रार केली नाही. पुढे हॉटेलने लॉबीतलं संगीतच बंद केलं, पण तोवर लारिसाबाई आणि ग्रिशाला अल ऐनच्या एका शाळेत मुलांना शिकवायचं काम मिळालं होतं. व्हिक्टर परत गेला, आपल्या मर्जीने, आपल्या तिकिटाने. विमानतळावर तो आईच्या हाताकडे वाकला. ती पटकन नमस्कार करून मोकळी झाली.

आता आई सांगलीला आहे. गुडघे वाकत नाहीत, म्हणून व्हायोलिन घेऊन खुर्चीवर बसते आणि दरवेळी म्हणते, व्हिक्टरसाहेबांनी पाहायला हवं होतं. तो वारल्याचं लारिसाबाईंनी मागल्या वर्षी कळवलं. त्याच्या कपाटातले चौघांचे कागद त्यांच्याकडे आले होते, त्यातला दुसऱ्या व्हायोलिनचा भाग त्यांनी आईला पाठवून दिला. मी तो उघडून आईच्या मांडीवर ठेवला. पिवळे पडलेले कागद, गज खाली, गज वर, बाकी कोरं. शेवटच्या भागात, त्या थांबायच्या जागेवर, माझं खोडलेलं ‘आई, थांब’ अजून पुसट दिसत होतं. त्याच्यावर पेन्सिलीने, ठाशीव रशियन अक्षरात, एक शब्द लिहिलेला होता.

आईने चष्मा लावला. ‘काय लिहिलंय गं?’

मला ती अक्षरं थोडी येतात. ‘यल्ला,’ मी म्हटलं. ‘व्हिक्टरचं अक्षर आहे.’

आई त्या जागेवरून बोट फिरवत राहिली. मी काही बोलले नाही, एवढं मलाही आता येतं. मग तिने कागद नीट घडी करून व्हायोलिनच्या पेटीत ठेवला आणि चष्मा काढला.

‘मी तेव्हाच सांगत होते त्यांना,’ ती म्हणाली. ‘रिकामं सोडायचं नसतं.’